तीन दरपत्रकं आणि एक स्टिअरिंग

आयुष्यातले मोठे निर्णय माणसाने भावनेच्या भरात नव्हे, तर पद्धतशीर तुलना करूनच घ्यावेत, यावर माझी श्रद्धा आहे. ही श्रद्धा मी आमच्या कार्यालयाच्या खरेदी विभागात बावीस वर्षं बसून कमावलेली आहे. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, समितीपुढे ठेवायचा आणि सगळ्यात कमी दराची वस्तू घ्यायची. या पद्धतीने आम्ही गेल्या वर्षी चाळीस पंखे घेतले. त्यांतले छत्तीस अजून खोक्यांत आहेत, कारण त्यांना लागणाऱ्या दांड्या वेगळ्या तक्त्यात होत्या. पण पंख्यांचा तक्ता निर्दोष होता. लेखापरीक्षकांनी त्याचं कौतुक केलं. घाम पुसत केलं, एवढंच.

तर माझ्या सासऱ्यांनी जेव्हा माझ्यासमोर साठ हजारांचं पाकीट ठेवलं, तेव्हा ते योग्य माणसासमोर ठेवलं होतं, असं मला त्या वेळी वाटलं.

सासरे आमच्याकडेच राहतात. शहर बसवर चौतीस वर्षं चालक होते, त्यांतली एकोणीस वर्षं सत्तावीस नंबरवर. चौतीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. हे वाक्य आमच्या घरात मीठ मागण्याइतक्या सहज येतं. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की समोरचं ठीक दिसतंय, पण कडेचं दिसत नाही, आणि परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. त्यांची छोटी जुनी गाडी इमारतीखाली उभी होती. सहा महिने ते रोज सकाळी खाली जायचे, काच पुसायचे, आत बसायचे, आरसा नीट करायचे आणि वर यायचे. मग एक दिवस त्यांनी ती विकून टाकली, आलेले पैसे कपाटात ठेवले आणि बोलणंच कमी केलं. ओरखड्याचं वाक्यसुद्धा बंद झालं. तेव्हा बायको घाबरली.

मग एका रविवारी ती त्यांना चपला घ्यायला मॉलमध्ये घेऊन गेली. तिथे वरच्या मजल्यावर खेळांचं दालन आहे. एक खुर्ची, समोर पडदा, हातात स्टिअरिंग, पायाशी पेडल. खेळ शर्यतीचा होता. सासऱ्यांनी बसल्या बसल्या आधी आरसा शोधला. मग गाडी काढली ती चाळीसच्या वेगाने, कडेच्या लेनमधून. बाकीच्या गाड्या अंगावरून विमानासारख्या जात होत्या. वळणावर एक प्रेक्षक झेंडा घेऊन चितारलेला होता. तो रस्ता ओलांडेल म्हणून हे थांबले. मागे अकरा जणांची रांग लागली. शर्यत संपून दुसरी सुरू झाली, तरी हे पहिलीतच होते.

त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि त्यांनी सत्तावीस नंबरचे तीन किस्से सांगितले. मग पाकीट आलं.

"जावई, ते मॉलमध्ये होतं तसलं काहीतरी घरी घेऊन या."

"बाबा, एवढे सगळे पैसे?"

"गाडीचे आहेत. गाडीतच जाऊ देत."

बायको म्हणाली, "उद्या सुट्टीच आहे. घेऊन टाका ना."

"असं उठून काही घेता येत नसतं," मी म्हणालो. तिने मला कसलीही तुलना न करता पसंत केलेलं असल्यामुळे तिला पद्धतीचं महत्त्व कळणार नाही, हे मी गृहीत धरतो.

मी फाइल उघडली. विषय : संगणक (खेळाकरिता), सुटे भाग, खरेदीबाबत. पहिला कागद अर्थातच मागणीपत्राचा. ते प्रत्यक्ष वापरणाऱ्याने स्वहस्ते भरायचं असतं. सासऱ्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलने लिहून दिलं :

"१. स्टिअरिंग पाहिजे. मोठं.
२. ब्रेक दाबला की पायाला कळला पाहिजे.
३. बस असली तर बरं. नसली तर काहीही."

असली भाषा समितीपुढे ठेवता येत नाही. मी मसुदा शुद्ध केला : "ज्येष्ठ वापरकर्त्याच्या मनोरंजनार्थ उच्च कार्यक्षमतेच्या संगणकाची निकड आहे." मूळ कागद मागे सहपत्र 'अ' म्हणून टाचून टाकला. सहपत्र कोणी वाचत नाही, पण ते नसलं तर फाइल पुढे सरकत नाही.

समितीत तीन सभासद. मी निमंत्रक. बायको वित्त. तांत्रिक सभासद म्हणून तिचा धाकटा भाऊ, छोट्या. छोट्या एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि वजनाने क्विंटलला टेकलाय. विमा कंपनीत बसतो. त्याच्याकडे खेळायचा संगणक नाही, पण त्याविषयीचे व्हिडिओ पाहिल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. गेली चार वर्षं तो स्वतःसाठी असा संगणक घेतोय. दर महिन्याला पुढच्या महिन्यात नवीन कार्ड येणार असतं.

"भावोजी, एक सांगून ठेवतो," पहिल्याच बैठकीत तो म्हणाला. "बाकी कुठे काटकसर करायची ती करा. ग्राफिक्स कार्डात तडजोड नाही. खेळाचं चित्र त्याच्यावर. निम्मे पैसे तिथेच गेले पाहिजेत."

"निम्मे?" बायको म्हणाली. "अरे छोट्या, बाबांना नुसतं चालवायचंय."

"ताई, भविष्य बघून घ्यायचं असतं. पाच वर्षांनी जे लागेल, ते आज घ्यायचं."

सासरे शहात्तर वर्षांचे आहेत. ते कोपऱ्यातून म्हणाले, "पाच वर्षांनी कुणाला लागेल रे?"

"बाबा, तांत्रिक विषय चाललाय. तुम्ही मध्ये बोलू नका."

मग छोट्याने त्यांना समजेल अशा भाषेत समजावलं. कार्ड दमदार घेतलं आणि प्रोसेसर लेचापेचा घेतला, तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं. सासऱ्यांनी मान हलवली.

"म्हणजे इंजिन ट्रकचं आणि गिअरबॉक्स स्कूटरचा."

"अगदी बरोबर!"

"मग तसं घेताय कशाला?"

यावर छोट्याने चहा मागितला.

दरपत्रकं गोळा करायला आम्ही बाजारात गेलो. एका गल्लीत ओळीने तीन दुकानं आहेत, हा पद्धतीच्या दृष्टीने शुभसंकेत होता. पहिल्या दोघांनी यादी घेऊन आकडे भरून दिले. तिसरा दुकानदार किडकिडीत, कानावर पेन्सिलीसारखा स्क्रू-ड्रायव्हर. त्याने यादी बाजूला ठेवली आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

"खेळणार कोण? आजोबा?"

"हो," सासरे खुलले. "बस चालवणार."

"अरे वा! मग कार्ड एवढं मोठं कशाला, साहेब? बसच्या खेळाला ह्याच्या पावपट पुरे. कार्ड नसलं, तरी प्रोसेसरच्या पोटातून चित्र येतं, तेसुद्धा चालेल. आणि आजोबा, स्टिअरिंग घेणार ना? पेडलसकट चांगलं येतं माझ्याकडे, दाखवू?"

सासरे खुर्चीवरून अर्धे उठले.

"तो विषय या यादीत नाही," मी म्हणालो. "यादीबाहेरच्या वस्तूचा दर दिलात, तर तुमचं दरपत्रक बाद होईल."

दुकानदाराने सासऱ्यांकडे पाहिलं, सासऱ्यांनी माझ्याकडे. छोट्या माझ्या कानाशी लागला. "ह्याला कळत नाही, भावोजी. कार्ड लहान घ्या म्हणतोय, म्हणजे मोठं शिल्लकच नसणार." दुकानदाराने गुमान आकडे भरले.

"जावई म्हणतात तर असेल पुढच्या यादीत," गल्लीतून बाहेर पडताना सासरे स्वतःशीच म्हणाले. चौतीस वर्षं वरच्यांच्या हुकमाने गाडी काढलेला माणूस. त्यांचा कागदावर विश्वास होता.

तक्ता सुंदर झाला. नऊ बाबी, तीन रकाने, प्रत्येक बाबीतला सगळ्यात कमी दर लाल गोलात. लाल गोल तिन्ही दुकानांत विखुरलेले होते, म्हणून नऊ बाबी तीन दुकानांतून आणल्या. प्रोसेसर पहिल्याकडून, मदरबोर्ड दुसऱ्याकडून, आणि जुळणीचा दर तिसऱ्याचा कमी, म्हणून ती किडकिडीत दुकानदाराकडे.

त्याने दोन्ही खोकी उघडली आणि मिटली.

"साहेब, हा प्रोसेसर ह्या बोर्डात बसत नाही."

"दोन्ही सगळ्यात कमी दराचे आहेत."

"आहेत ना. पण बसत नाहीत."

मी त्याला तक्ता दाखवला. त्याने तो आदराने वाचला. "हे छान केलंय," तो म्हणाला. "पण भोकं वेगळी आहेत."

बोर्ड बदलून घ्यायला तीन आठवडे लागले, कारण दुसऱ्या दुकानदाराने खोकं फोडल्याचा मुद्दा काढला. तेवढ्यात छोट्याच्या सल्ल्याने कार्ड एक पायरी वर गेलं. मग आधीचा पॉवर सप्लाय त्याला वीज पुरवेना. पॉवर सप्लाय वाढवला, तर कार्ड कॅबिनेटमध्ये मावेना. लांबीला चार बोटं जास्त. मग कॅबिनेट मोठं घेतलं. त्याच्या एका बाजूला काच होती आणि आत सोळा रंगांचे दिवे.

"काच कशाला?" बायकोने विचारलं.

"आतलं सगळं दिसतं, ताई. कार्ड दिसलं पाहिजे. एवढं घेतलंय ते काय झाकून ठेवायचं?"

या सगळ्यात अडीच महिने गेले. सासरे रोज मी कार्यालयातून आलो, की माझ्या पिशवीकडे बघायचे, मग माझ्याकडे. "प्रक्रिया चालू आहे, बाबा," मी सांगायचो. ते "हां" म्हणायचे. अलीकडे ते दुपारी सोफ्यावर बसून परात दोन्ही हातांत धरायचे. बसचं स्टिअरिंग मोठं आणि जवळजवळ आडवं असतं, त्याला परातीइतकं जवळचं घरात दुसरं काही नाही. डोळे मिटून ते सत्तावीस नंबर काढायचे. उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. मग डावा हात शेजारी जायचा, दाराच्या बटणावर. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची.

"बाबा, परात देता का? पीठ मळायचंय."

"दोन थांबे राहिलेत."

ती थांबायची. मी तिला एकदा म्हणालो, की दुसरी परात घेऊन टाक. ती म्हणाली, "तीन दरपत्रकं मागवा."

संगणक एका रविवारी सकाळी घरात आला. पडदा म्हणून बैठकीतला टीव्ही लावला. टेबल जुनंच, जरा डुगडुगणारं. छोट्याने बटण दाबलं आणि सोळा रंग भिंतीवर नाचू लागले. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खाकी नव्हता, पण खाकीच्या जवळचा होता. छोट्याने बसचा खेळ आणून ठेवलेला. पडद्यावर बस उभी राहिली. खरोखर देखणी. काचेत समोरच्या इमारती दिसत होत्या, रस्त्यावरच्या डबक्यात आभाळ दिसत होतं.

"बघा बाबा, डबकं बघा!" छोट्या म्हणाला. "हे कार्ड आहे, कार्ड!"

सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली, आणि दोन्ही हात पुढे केले. हात टेबलावर आले. टेबलावर कीबोर्ड होता. तो जुळणीबरोबर दुकानदाराने भेट दिला होता.

"स्टिअरिंग?" ते म्हणाले.

मी फाइल काढली, पानं उलटली. बाब एक ते नऊ. स्टिअरिंग नाही. सगळ्यात मागे कॅलेंडरचा कागद टाचलेला होता. पेन्सिलने, पहिल्याच ओळीत. मोठं.

"बाण आहेत ना, बाबा," छोट्या म्हणाला. "हा डावीकडे, हा उजवीकडे. सगळी दुनिया यावरच खेळते. स्टिअरिंग आपण दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

"किती उरलेत?" बायकोने मला विचारलं.

"दोनशे बारा."

सासऱ्यांनी वरच्या बाणाने बस काढली आणि एक बोट उजव्या बाणावर ठेवलं. स्टिअरिंग थोडंसं फिरवता येतं, बाण थोडासा दाबता येत नाही. बस उजवीकडे वळली ती वळतच राहिली, दुभाजकावर चढली आणि विजेच्या खांबाला जाऊन भिडली. काच तडकली. तडा फार बारकाईने काढलेला होता, प्रत्येक रेघ वेगळी दिसत होती. मग पडद्यावर अक्षरं आली : अपघात एक. जखमी प्रवासी चार.

सासऱ्यांनी ते वाचलं. मग हात मागे घेतले, शर्टाच्या बाह्या नीट केल्या आणि उठले.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. उरलेलं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. ते आता खरं नव्हतं.

त्यानंतर ते सोफ्यावरही बसेनात. परात दिवसभर ओट्यावर मोकळी असायची. बायकोने दोन दिवस वाट पाहिली. मी तिला समजावलं, की स्टिअरिंग ही स्वतंत्र खरेदी आहे, निधीची तरतूद झाली की नवीन मागणीपत्र घेऊन आपण रीतसर सुरुवात करू. ती म्हणाली, "मागणीपत्र आहे की तुमच्याकडे. कॅलेंडरवर लिहिलेलं."

बुधवारी मी कार्यालयातून आलो, तर घरातून हॉर्नचा आवाज येत होता. डुगडुगणाऱ्या टेबलाच्या जागी एक भक्कम टेबल होतं. त्याला काळं, परातीएवढं स्टिअरिंग आवळलेलं. खाली पेडल. सासरे सत्तावीस नंबर चालवत होते. म्हणजे खेळातला नंबर दुसराच होता, पण ते थांबे सत्तावीसचेच म्हणत होते. वेग चाळीस. पिवळा दिवा दिसला की थांबत होते. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या.

"वाजवा लेको," सासरे त्यांना म्हणत होते. "घाई असेल तर आधी निघायचं घरून."

त्यांनी ब्रेक दाबला, पायाकडे पाहिलं आणि हसले.

"कुठून आणलंस?" मी बायकोला विचारलं.

"त्या कानावर स्क्रू-ड्रायव्हरवाल्याकडून. तोच घरी येऊन लावून गेला."

"दरपत्रकं?"

"एकच होतं. त्याने सांगितलं, मी दिलं."

पैसे कुठून आणले, हे मी विचारलं नाही. तिच्या साठवणीतले असणार, आणि विचारलं असतं तर परत द्यावे लागले असते. फाइलमध्ये मी "इतर स्रोतांतून भागविले" असं लिहिलं.

घर पुन्हा बोलकं झालं. सासरे सकाळी दोन फेऱ्या आणि दुपारी दोन फेऱ्या करतात, मध्ये जेवणाची सुट्टी घेतात. जखमी प्रवाशांचा आकडा तेवढा त्यांना खटकायचा, म्हणून दुकानदाराने खेळ पुसून नव्याने घालून दिला. आता तिथे शून्य आहे, आणि ओरखड्याचं वाक्य परत आलंय.

छोट्या तीन आठवड्यांनी आला. संगणकाशेजारी खुर्ची टाकून बसला, अर्धा तास पडद्याकडे बघत राहिला. सासरे फेरीवर होते. डबक्यात आभाळ जरा कमी दिसत होतं, पण ढगाळ असेल, असं मला वाटलं.

"बघा भावोजी," छोट्या म्हणाला. "तुम्ही दोघं कुरकुरत होतात. आता कळलं? काय चाललंय ते! लोण्यासारखं! हे कार्डाशिवाय शक्य आहे का?" त्याने काचेवर बोट ठेवलं. आत सोळा रंगांत काहीतरी भिरभिरत होतं. "हे बघा. हा आपला हिरा."

"तो पंखा आहे," बायको म्हणाली. ती परातीत पीठ मळत होती. "कार्ड मी त्या बुधवारीच विकलं. त्यातच स्टिअरिंग आलं आणि टेबलही आलं."

छोट्या काचेला नाक लावून बघत राहिला. मी पण वाकलो. कार्डाच्या जागी एक लांबट रिकामी खाच होती, आणि तिच्यावर तीन आठवड्यांची धूळ होती.